वजा उंचीचा मनोरा

गणिताच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडायचं तर आधी त्याला गुडघ्याने एक दणका द्यावा लागे. मग किल्ली फिरे. आत वरच्या फळीवर मोडके कंपास आणि खडूचे खोके, आणि खालच्या फळीवर, मऊ कापडात गुंडाळलेले, सरांचे लाडके आलेख काढणारे कॅल्क्युलेटर. वर्गात सगळे त्यांना मशीनच म्हणत. प्रत्येकाच्या पाठीवर लाल नेलपॉलिशने नंबर घातलेला. ती युक्ती सरांच्या वहिनींची, त्याही याच वर्गात शिकणाऱ्या. शाईने घातलेले नंबर महिन्याभरात पुसले जात आणि मग "हे माझं, ते तुझं" अशी वर्गात भांडणं लागत. मोठी माणसं, पण भांडायला लागली की पहिलीतल्या पोरांना लाजवतील!

मोठी माणसं, कारण हा संध्याकाळचा वर्ग. दिवसभर नोकरी करून आलेले, डबा खाऊन हात पुसत बाकावर बसणारे विद्यार्थी. कुणाला बढती हवी, कुणाला पुढचा कोर्स करायचा, आणि सगळ्यांचं घोडं अडलेलं गणितात. सर दिवसा पोरांना शिकवत आणि संध्याकाळी यांना. यांना शिकवताना त्यांचा आवाज आपोआप अर्ध्यावर यायचा. केस पांढरे झालेल्या माणसावर ओरडणार कसं?

वहिनी म्हणजे सरांच्या थोरल्या भावाची बायको. सर शाळेत होते तेव्हा ती लग्न होऊन घरात आली आणि तिनेच त्यांचे डबे भरले, कॉलर घासल्या, नापास झाले तेव्हा भावाचा मार चुकवला. ती इस्पितळात एक्स-रे विभागात मदतनीस होती. पेशंटला नीट झोपवायचं, श्वास रोखायला सांगायचं, झालं की उठवायचं. मशीनच्या बटणाला मात्र हात लावायचा नाही, कारण तंत्रज्ञाचा कोर्स केलेला नाही. आणि कोर्सला घेत नाहीत, कारण गणित सुटलेलं नाही. दोनदा बसली, दोनदा आपटली. परीक्षेला तीनच संधी. ही तिसरी. ही गेली की दार बंद, आणि मग निवृत्तीपर्यंत "श्वास रोखा" म्हणत बसायचं. हे ती हसत हसत सांगायची, पण पहिल्या दोन निकालांच्या दिवशी ती जेवली नव्हती, हे सरांनी पाहिलं होतं.

घरी ती सरांना भाऊजी म्हणे. वर्गात मात्र सर. एकदा चुकून वर्गात "अहो भाऊजी" म्हणाली तर सगळा वर्ग खो खो हसला, आणि रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर महिनाभर सरांना "भाऊजी सर" म्हणत होता. हा ड्रायव्हर म्हणजे वर्गाचा जीव. आला की दिवा लावल्यासारखं वाटे. गणित येवो न येवो, वही कोरी ठेवणार नाही.

आता सरांची एक खोड सांगायला हवी. मागच्या तुकडीत कुणीतरी मशीनवरचं मोड लिहिलेलं बटण दाबून आत काहीतरी उलटसुलट करून ठेवलं होतं. मग कुणाचा आलेख येईना, कुणाची उत्तरं भलत्याच रूपात येऊ लागली, आणि ते निस्तरता निस्तरता सरांच्या नाकी नऊ आले. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. या वर्षी पहिल्याच दिवशी त्यांनी सगळी मशीनं स्वतः अंशांवर लावली आणि बजावलं, "हे मोडचं बटण. याला हात लावायचा नाही. मेलात तरी नाही."

"पण सर, आत आहे तरी काय?" वहिनींनी विचारलं.

"तुमच्या कामाचं काही नाही."

घरी जेवताना तिने पुन्हा विषय काढला. भाऊजी, ते डिग्री म्हणजे अंश ना, आणि त्याच्या वर दुसरं काहीतरी लिहिलेलं होतं, ते काय? सर म्हणाले, कोन मोजायची दुसरी पद्धत आहे, तुमच्या पेपरात नाही, परीक्षा होऊ द्या, मग सांगतो. भावाने भाजी वाढून घेतली आणि विषय तिथंच राहिला.

एरवी सरांनी शिकवलं मात्र छान. आधी साधे हिशेब. मग वर्गसमीकरण घातलं की पडद्यावर वाटीसारखी रेघ कशी येते, ती आडव्या रेषेला कापते तिथं उत्तर कसं असतं. दोन रेषा एकमेकींना कुठं भेटतात ते मशीनलाच कसं विचारायचं. वहिनींना हे फार आवडलं. आकडे तिला चकवायचे, पण चित्र दिसलं की तिची मान हलायची. एक्स-रे बघून बघून नजर बसली असेल. साइनची लाट पहिल्यांदा पडद्यावर आली, एक चढ आणि एक उतार, तेव्हा ती म्हणाली, "इतकं साधं होतं होय हे? आणि मी दोन वर्षं घाबरत होते!"

परीक्षा दुसऱ्याच शाळेत होती. आदल्या आठवड्यात नवा नियम आला. पेपर सुरू होण्याआधी प्रत्येक मशीनची स्मृती पुसायची. कुठंतरी लोक आत सूत्रं भरून आणत होते म्हणे. पर्यवेक्षक बाईंना त्यातलं काही येत नव्हतं, म्हणून सरांनाच बोलावणं आलं. सरांनी आधीच सांगून टाकलं, "मॅडम, यात माझी वहिनी आहे."

पर्यवेक्षक बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "असू देत. मशीनं पुसा आणि दाराशी खुर्चीवर बसा. एखादं बंद पडलं तर बघा. बाकी कुणाशी एक अक्षर नाही."

सरांनी रांगेने सगळी मशीनं पुसली. चार बटणं, पडद्यावर एक ओळ, झालं. वहिनींच्या बाकाशी आले तेव्हा दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. तिने फक्त मशीन दोन्ही हातांनी पुढे केलं. पेपर वाटले गेले, सगळ्या माना खाली गेल्या, आणि सर दाराशी जाऊन बसले.

हातात एक जादा मशीन होतं. तेही पुसलेलं. रिकामा माणूस काय करणार? त्यांनी उगाच साइन तीस दाबलं.

उत्तर यायला हवं अर्धा. आलं वजा शून्य पूर्णांक नऊशे अठ्ठ्याऐंशी.

पुसलं की मशीन कारखान्यातून आलं तसं होतं, आणि कारखान्यातून ते अंशांवर येत नाही, रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या त्या दुसऱ्या पद्धतीवर येतं. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. नियम वाचला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण वर्षभर सगळी मशीनं त्यांनी स्वतः लावलेली, कुणी हात लावलेला नाही, त्यामुळे ती गोष्टच डोक्यातून गेली होती. आणि आता खोलीतल्या एकेका माणसाच्या हातात चुकीचं उत्तर देणारं मशीन होतं, आणि ते दुरुस्त करायचं बटण सोडून बाकी सगळी बटणं विद्यार्थ्यांना येत होती. वा रे मास्तर!

ते उठले. "मॅडम, सगळ्यांना एक सूचना द्यायची आहे."

"पेपरबद्दल?"

"मशीनबद्दल."

"कुणाचं बंद पडलंय?"

"नाही, चालू आहेत, पण…"

"मग बसा." बाईंनी आवाज चढवला नाही. नुसता हात खाली केला, आणि काही माना वर झाल्या. त्यात वहिनींचीही झाली.

इथं सरांनी ठासून बोलायला हवं होतं. पण त्यांच्या मनात आलं, आता मी तोंड उघडलं तर म्हणतील, वहिनीला मदत केली. तिचा पेपर रद्द होईल. तिसरी संधी. ते खुर्चीत बसले आणि मूग गिळून गप्प राहिले. स्वतःची लाज वाटत होती आणि तरी बसले होते.

मग त्यांची नजर वहिनींवरून हलेना. ती दाबत होती, लिहीत होती. एकदा थांबली. मशीन जवळ घेतलं, लांब धरलं. लिहिलेलं खोडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच आलं असावं, कारण तिने कपाळावर हात मारला. पान उलटून पुढचा प्रश्न घेतला. बराच वेळ बटणं दाबत राहिली, म्हणजे आलेख काढत असणार, आणि मग पडद्याकडे बघून तिचं तोंड उघडंच राहिलं.

सरांना न बघताही कळलं तिला काय दिसत असेल. शून्यापासून तीनशेसाठपर्यंत एक गुळगुळीत लाट दिसायला हवी, तिथं काळ्या रेघांचा नुसता गुंता. फणीत अडकलेल्या केसांसारखा.

तिने मान वर केली आणि थेट दाराकडे पाहिलं. सरांनी डोळे मिटून घेतले. उघडे ठेवले असते तर त्यांनी मान हलवली असती.

डोळे उघडले तेव्हा तिचं बोट वरच्या ओळीत एका बटणावर नुसतं टेकलेलं होतं. मेलात तरी नाही, असं सांगितलेलं बटण. ती सांगितलेलं ऐकणारी बाई. कामावरही, घरीही. सर मनात म्हणत होते, दाबा वहिनी, माझं ऐकू नका, देवाशपथ दाबा. बोट तिथंच राहिलं.

मग तिने दाबलं. पडद्यावरून बोट फिरवत ओळी वाचल्या, बाण दाबला, परत आली, पुन्हा आलेख काढला. आणि तिचे खांदे एकदम खाली आले. तिने आधीची दोन पानं सरळ रेघ मारून खोडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. नंतर ती एकदाही दाराकडे बघायला थांबली नाही.

सरांच्या जिवात जीव आला. त्या आनंदात बाकीच्या खोलीचा त्यांना विसर पडला, हे खरं आहे आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही.

पेपर संपला. सगळे व्हरांड्यात आले, पाय मोकळे करू लागले. ड्रायव्हर धावतच आला. "सर! काय सोपा पेपर होता हो! सगळी सोडवली. एक ठेवलं नाही."

"शिडीचं काय आलं?" सरांनी विचारलं. पाच मीटरची शिडी, जमिनीशी सत्तर अंश, भिंतीवर किती उंच पोचेल.

"तीन पूर्णांक सत्त्याऐंशी."

शेजारी उभ्या दोघीतिघींनी माना डोलावल्या. हो हो, आमचंही तेवढंच.

खरं उत्तर चार पूर्णांक सत्तर. पण तीन पूर्णांक सत्त्याऐंशीला कोण हसेल? दिसायला किती शहाणं उत्तर आहे.

"एका मनोऱ्याची उंची मात्र वजा आली," ड्रायव्हर हसत म्हणाला. "वजा साडेतेहतीस! म्हटलं, उंची कधी वजा असते का? मशीनचं डोकं फिरलं असेल. वजा खोडला आणि नुसतं साडेतेहतीस लिहिलं. बरोबर केलं ना?"

सरांनी विचारलं, "मशीनचं सेटिंग वगैरे कुणी बघितलं नाही?"

"छे! तुम्ही सांगितलेलं ना, सर. कुणाची हिंमत आहे?" आणि तो खिशातून फोन काढत जिन्याकडे निघाला. जाता जाता एका बाईंना म्हणाला, "पोरांना पार्टी द्यावी लागणार आज."

सर तिथंच उभे राहिले. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. निकाल लागला असता, नापास झालेल्यांनी कपाळाला हात लावला असता, म्हणाले असते आपलंच डोकं कमी. वहिनी पास झाल्या असत्या. आणि पुढच्या वर्षी ड्रायव्हर पुन्हा येऊन पहिल्या बाकावर बसला असता, वही उघडून. हे शेवटचं सरांना सहन होईना.

पर्यवेक्षक बाई उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला दोरी बांधत होत्या. सरांनी सगळं सांगितलं. पुसल्यावर मशीनचं काय होतं, वर्षभर काय शिकवलं, कशाला हात लावू नका म्हटलं, मघाशी उठलो आणि पुरतं न सांगता बसलो.

"तुमच्या वहिनींचंही चुकलं असेल मग," बाई म्हणाल्या.

"नाही. त्यांचं त्यांना कळलं. त्यांनी दुरुस्त करून घेतलं."

बाईंनी दोरी खाली ठेवली. "मग तुम्ही हे मला का सांगताय?"

"बाकीच्यांचं चुकलंय, मॅडम."

"एक समजून घ्या. मी हे वर कळवलं तर पूर्ण खोलीची परीक्षा पुन्हा होईल. यांची घ्या, त्यांची नको, असं चालत नाही. त्यांचाही पेपर रद्द. नवीन पेपर, नवीन प्रश्न. संधी तीच धरतील, पण आज जे बरोबर आलं ते उद्या येईल याची मी हमी देत नाही. विचार करा. मी दोरी बांधायची थांबते."

सरांनी विचार केला. खरं सांगायचं तर फार वेळ केला. मग म्हणाले, "कागद द्या. लिहून देतो."

खाली फाटकाशी वहिनी उभी होती. दोन कागदी कपांत चहा, एक अर्धा पिऊन झालेला. सरांना बघून तिचा चेहरा असा फुलला, की त्यांना परत वर जावंसं वाटलं.

"अहो भाऊजी, किती उशीर! चहा पाणी झाला. ऐका, मी ते बटण दाबलं. रागवा हवं तर. मनोरा वजा आला, म्हटलं हा काय जमिनीत घुसलाय का? मग ती लाट बघितली तर काय ते जंगल! आत गेले तर दोनच शब्द समोर, त्यातला डिग्री मला ठाऊक होता. पुढं सगळं धाडधाड आलं बघा. सगळं."

"वहिनी, पेपर रद्द झालाय."

ती हसली. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. सरांनी सांगितलं. एकही गोष्ट मागे ठेवली नाही, कुणी रद्द करायला लावला तेही सांगितलं.

वहिनी फाटकाच्या कठड्यावर बसली. कप हातातच. मग तिला रडू फुटलं. रस्त्यावरचे लोक बघत होते तरी तिने पदर लावला नाही.

"माझं बरोबर होतं," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही हो म्हणू नका. तुम्हाला विचारत नाहीये मी. मला ठाऊक होतं बरोबर आहे. लिहितानाच ठाऊक होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, भाऊजी. आणि ते तुम्ही देऊन टाकलंत."

माफ करा म्हणायची सरांची लायकी नव्हती, म्हणून म्हणाले नाहीत.

तिने नाक पुसलं. कप शेजारच्या डब्यात टाकला. "परत देईन मी. देईन नाहीतर काय करीन? पण आज मला घरी काही बोलू नका, तुमच्या दादांसमोर तर नाहीच." मग तिने इकडेतिकडे पाहिलं. "तो कुठाय? ड्रायव्हर?"

"बस थांब्याकडे गेला असेल."

"त्याला सांगितलंत?"

"नाही अजून."

"अहो!" ती ताडकन उठली. "तो आता घरी सगळ्यांना सांगत सुटेल. पोरांना सांगेल. चला आधी!"

दोघं जवळजवळ पळतच निघाले. वहिनी पुढे, सर मागे. बस अजून आली नव्हती. ड्रायव्हर खांबाला टेकून फोनवर बोलत होता, मोठमोठ्याने, रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल असं. "अगं, शप्पथ! विचार हवं तर कुणालाही." सरांना बघून त्याचा चेहरा उजळला आणि त्याने फोन सरळ त्यांच्यापुढे धरला.

"सर, बरे आलात! बायको आहे. तिला खरंच वाटत नाहीये. तुम्हीच सांगा."

सरांनी वहिनींकडे पाहिलं. तिचे डोळे अजून लाल होते. ती मदतीला आली नाही.

"घ्या," ती म्हणाली.

सरांनी फोन कानाला लावला. पलीकडे कढईत काहीतरी चरचरत होतं, आणि एक बाई घाईघाईने विचारत होती, "सर, खरंच पास होतील का हो हे?"

"नमस्कार," सर म्हणाले. "मी यांचा सर बोलतोय. माझ्या हातून एक चूक झाली आहे. यांना बोलू नका, आधी माझं ऐका."